स्पर्शाचा धडा : अर्धा शाळेत, अर्धा घरात



या महिन्याचा पाठ पैशांचा नाही, आपल्या मुलांचा आहे. बचत गोळा झाली, हिशोब लिहून झाला, की एकीनं हा मोठ्यानं वाचावा. तान्ही मुलं मांडीवर असली तर असू द्या, जरा मोठ्यांना बाहेर खेळायला पाठवा. म्हणजे आपल्याला मोकळं बोलता येईल.

आता बऱ्याच प्राथमिक शाळांत ‘सुरक्षित स्पर्श, असुरक्षित स्पर्श’ शिकवतात. आमच्या गावच्या शाळेत बाईंनी हा तास घेतला तेव्हा आम्ही चार-पाच आया मागे बसलो होतो. बाईंनी फळ्यावर मुलाचं चित्र काढलं आणि विचारलं, “कुणी नको तिथं हात लावला तर काय कराल?” पोरं एका सुरात ओरडली, “नाही म्हणू, पळू, आईला सांगू!” पाढ्यासारखं पाठ झालं होतं. तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, “आईला सांगितलं तर आईच मारंल.”

वर्ग हसला. आम्ही मागच्या जणी एकमेकींकडं बघत राहिलो.

शाळेनं सांगितलं, नको वाटलं तर नाही म्हण. घरी आपण काय सांगतो? मोठ्यांचं ऐकावं. काकांना पापा दे. मामा मांडीवर घेतायत तर बस की गुमान, नखरे कशाला? पोर आईकडं पळालं तर पाहुण्यांसमोर आपलीच मान खाली जाते. म्हणजे शाळेतला धडा घरी आला की आपणच पुसून टाकतो. पाहुण्यांना पोरानं लांबून नमस्कार केला तरी मान राखला जातोच की. पापा मागणाऱ्याला आपणच हसत सांगावं, “तिला आवडत नाही हो.”

माझंही सांगते. माझी लेक एकदा गिरणीवर दळण आणायला जाईना. मी कामात होते, ओरडले, पाठीत एक धपाटा घातला आणि पाठवली. पुढं चार दिवसांनी कळलं, गिरणीजवळ कुत्रं बसायचं, त्याला ती भ्यायची. कारण साधंच निघालं. पण मी ‘का?’ असं विचारलंच नव्हतं. कारण दुसरं काही असतं तरी मी पाठवलंच असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ हे आपण सगळ्याच शिकवतो. तेवढ्यानं भागत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्रही होता. अर्ध्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. त्रास देणारे निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले, आणि बहुतेक मुलांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. शाळांमध्ये दाखवतात त्या ‘कोमल’ कार्टून फिल्ममधला माणूसही शेजारी राहायला आलेला, वडिलांच्या ओळखीचा असतो. तेव्हा ‘माझा तर मुलगा आहे’ म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

आता बैठकीत करून बघायची एक गोष्ट. शरीराच्या झाकलेल्या भागांना आपल्या घरी काय म्हणतात, ते एकेकीनं सांगा. हसू येईल, येऊ द्या. कुणाकडं ‘शूची जागा’, कुणाकडं ‘छी छी’, कुणाकडं नावच नाही. ज्याला नावच नाही त्याबद्दल पोर तक्रार कशी करणार? नाक, कान, गुडघा शिकवतो तशीच या भागांचीही नावं सांगा. घरातला शब्द असला तरी चालेल, पण तो शिवी नको आणि ‘छी’ नको. मग नियम सोपा आहे. ओठ, छाती, मांड्यांच्या मधला भाग आणि ढुंगण, इथं कुणी हात लावायचा नाही, आपल्यालाही लावायला सांगायचं नाही, आणि मोबाईलवर तसले फोटो दाखवायचे किंवा काढायचे नाहीत. आई आंघोळ घालते किंवा डॉक्टर आईसमोर तपासतात, ते वेगळं. ‘हे आपलं गुपित, घरी सांगू नको’ असं कुणी म्हणालं, तर तेच आधी येऊन सांगायचं.

पोरांना ‘ओरड, पळ’ शिकवतो ते बरोबरच आहे. पण भीतीनं कित्येकदा तोंडातून शब्द फुटत नाही, पाय हलत नाहीत. त्या वेळी गप्प राहिलास म्हणजे तुझी चूक झाली, असं त्याला कधीही वाटू देऊ नका. चार महिन्यांनी सांगितलं तरी ऐकून घ्यायचं.

आणि सांगितलंच, तर? हातातलं काम ठेवा. ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ हा प्रश्न गिळून टाका. “बरं झालं मला सांगितलंस, तुझी काही चूक नाही,” एवढं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. घटना नुकतीच घडली असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, दवाखान्यात तपासणी होईपर्यंत तसेच ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवावंच लागतं. गावकीत बसून मिटवायची ती बाबच नाही. पोलीस ठाण्याची धास्ती वाटते हे खरं. पण मुलाचा जबाब घरीही घेता येतो, घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, शक्यतो महिला अधिकारी असावी, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करावी आणि मुलाचं नाव कुठं छापू नये, हे सगळं त्याच कायद्यात लिहिलंय.

शाळेकडं आपलं काम काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या बायका असाव्या लागतात. आपल्या गटातल्या किती जणी त्यात आहेत ते मोजा. ज्या आहेत त्यांनी नुसती सही करून येऊ नये. हा तास यंदा झाला का, पहिली-दुसरीलाही झाला का, मुलग्यांना बाहेर तर बसवलं नाही ना, हे मुख्याध्यापकांना विचारावं. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं सांगितलेली सखी सावित्री समिती शाळेत आहे का, तिच्यात कोण आहेत, तेही विचारा. तक्रारपेटी असेल तर ती कोण उघडतं आणि कधी, ते बघा. पेटी ऑफिसच्या दारावर टांगलेली असली, तर सगळ्यांदेखत कोण चिठ्ठी टाकणार? आणि पहिलीतल्या पोराला तर लिहिताच येत नाही. त्याला जाऊन सांगता येईल अशी एखादी बाई शाळेत लागते. आमच्याकडं पोरांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं नाव सांगितलं.

आज रात्री मुलांना एवढंच विचारा : “तुला कसली भीती वाटली तर तू कुणाकुणाला सांगशील?” त्यांना बोटांवर मोजू द्या. मध्ये बोलू नका, नावं सुचवू नका. पुढच्या बैठकीत किती बोटं मिटली ते सांगा, आणि आपलं नाव कितवं आलं तेही.