दुरडीचा तळ

रात्री झाकून ठेवलेल्या दोन भाकरी सकाळी न्याहारीला होतील, असा हिशेब करून तुम्ही झोपता आणि सकाळी दुरडीत नुसतं फडकं सापडतं. असं वरचेवर व्हायला लागलं की समजायचं, घरातलं पोरगं पंधराच्या घरात आलं. मांजरावर आळ घेऊ नका.

यावर आपली पहिली बोली ठरलेली असते. "पोट आहे की पेव?" म्हणताना मनात मायाच असते, पण पाव्हण्यांसमोर तेच चार वेळा म्हटलं की पोर ताटावरून अर्ध्या भुकेनं उठायला शिकतं. म्हणून आधी भुकेचा हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली जे आकडे दिले, त्यांत 16 ते 18 वर्षांच्या मुलाला दिवसाला 3320 कॅलरी लागतात. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला लागतात 2110. बाप दुकानाच्या गल्ल्यावर बसत असेल, तर पोरानं त्याच्या दीडपट खाणं हा हावरटपणा नाही, वयाचा हक्क आहे. बाप ऊस तोडत असेल तर मात्र दोघं बरोबरीला येतात.

3320 म्हणजे किती? आपली ज्वारीची भाकरी साधारण 90 ग्रॅम पिठाची धरली, तर एकीत 300 कॅलरी. नुसत्या भाकरीवर भागवायचं तर दिवसाला अकरा. एवढ्या भाकरी कोण थापणार आणि कोण चावणार? दोन वेळच्या मिळून सहा भाकरी म्हटलं तरी एका पोराला महिन्याला 16 किलो ज्वारी लागते. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, ते त्याच्या ताटात दिवसाला दोन भाकरींनाही पुरत नाही. त्यात गंमत पाहा: शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीला दुपारी 150 ग्रॅम धान्याचं, 700 कॅलरींचं जेवण शाळा देते आणि नववीला, भूक ऐन भरात आली की, ते ताट बंद होतं. तो भार गुपचूप घरच्या चुलीवर येतो. कोणी सांगत नाही, दुरडीच सांगते.

तेव्हा भाकरी वाढवत बसण्यापेक्षा भाकरीसोबतचं कोरड्यास जड करा. मूठभर शेंगदाण्यांत अर्ध्याहून जास्त भाकरीचं बळ आहे, वर सात-आठ ग्रॅम प्रथिनं. मग शेंगदाण्याची चटणी चिमटीनं कशाला वाढायची? वाटीत द्या, वर तेलाची धार सोडा. कारळ्याची, जवसाची चटणी तशीच. वरण ताटातून पळायला लागलं तर डाळ वाढवा, पाणी नको. अंडं परवडतं आणि घरात चालत असेल तर दिवसाला एक-दोन द्या. दूध डेअरीला घालून उरलेलं पोरांना देण्याची आपली रीत आहे. ती उलटी करून पाहा, आधी दोन पेले घरात, मग कॅन.

आणि शेंगोळे. आजीच्या हाताखाली शिकलेला हा पदार्थ आता पावसाळ्यात एखाद्या दिवशी कौतुकानं होतो, तो खरं तर वाढत्या पोरांच्या घरात आठवड्याला व्हावा. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ, ठेचलेला भरपूर लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं. तळहाताला तेल लावून बोटाएवढ्या वळ्या वळायच्या, टोकं जुळवायची. लसणाची फोडणी देऊन आधण ठेवायचं आणि पाणी खळखळ उकळायला लागल्यावरच शेंगोळे सोडायचे, नाहीतर लगदा होतो. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा पाण्यात कालवून शेवटी ओतला की रस्सा दाटतो. हुलग्यात पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. एका पातेल्यात चौघांचं जेवण होतं, आणि मुख्य म्हणजे वळ्या वळायला पोरं बसू शकतात. बसवाच त्यांना.

आपल्या बीड जिल्ह्यात पोरं पळतात, हे वेगळं सांगायला नको. पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी टोळकी दिसतात. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा. लांबच्या शाळेला पायी जाणारं हे पोर सैन्यात गेलं, 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणि 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आलं. पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 ला गोल्ड कोस्टला कुस्तीचं सुवर्ण मिळवलं. ही नावं पोरांच्या तोंडी असतात, असावीतच. पण त्यांच्या नावानं पोरगं पहाटे नुसत्या चहावर आठ किलोमीटर पळून येतं, आल्यावर चहा-खारी खातं आणि मग तुमच्याकडे पावडरच्या डब्याला पैसे मागतं, तिथं जरा थांबवा. पळायच्या आधी एक केळं नाहीतर गूळ-शेंगदाणे, आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी: दूध-भाकरीचा काला, दह्यासोबत धपाटे, मोडाच्या मटकीची उसळ. डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी, शेंगदाणे आणि डाळ येते. तालमीतल्या जुन्या वस्तादांचा खुराकही दूध-तूप-बदामाचाच होता.

आता जरा नाजूक बोलते. हा सगळा हिशेब आपण पोराचा करतो. पोरीचा?

मुलीची वाढ मुलाच्या आधी सुरू होते. पाचवी-सहावीतच तिला भूक लागायला लागते, आणि नेमकं तेव्हाच तिला "हळू खा, बारीक राहा, सासरी काय म्हणतील" हे ऐकू येतं. भावाला "अजून घे रे", बहिणीला "बस झालं ना?" हे आपण मुद्दाम करत नाही. हातच तसा वळतो: तुपाची धार त्याच्या भाकरीवर लांब, तिच्या भाकरीवर थेंबभर. 16 ते 18 वर्षांच्या मुलीला 2500 कॅलरी लागतात, दिवसभर बऱ्यापैकी कष्ट करणाऱ्या आईपेक्षा जास्त. लोह तर तिला भावापेक्षाही अधिक हवं: त्याला 26 मिलिग्रॅम, तिला 32. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत, तो एका दिवसात येत नाही. कबड्डीच्या मैदानावरून आलेली पोर "पाय गळून गेले" म्हणाली, तर नाटक करते असं म्हणू नका. बाजरीची भाकरी, पालेभाजी, हुलगे, वर लिंबू पिळून तिला द्या. जेवणावर लगेच चहा नको. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती खरंच गिळते की दप्तरात टाकते, तेही एकदा विचारा.

आपल्याकडची एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की कित्येक घरांत आजी, धाकटी भावंडं आणि नववी-दहावीतली एक पोर एवढेच मागे राहतात. स्वतः भुकेल्या वयाची ती पोरच घराची स्वयंपाकीण होते. ती भावांना वाढते, आजीला वाढते आणि तळाशी राहील ते खाते. आईला फडावरून दुसरं काही करता येत नसलं, तरी निघण्यापूर्वी चटण्यांचे डबे भरता येतात, शेंगदाण्याचं पोतं घरात ठेवता येतं, आणि फोनवर "सगळे जेवले का?" याऐवजी "तू काय खाल्लंस?" असं नाव घेऊन विचारता येतं. दळण मात्र थोडं थोडंच आणायला सांगा. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांत कडवट होतं, आणि कडू भाकरी कोणी मागून खात नाही. शेजारच्या मावशीला सांगून ठेवा, आठवड्यातून दोनदा तरी पोरीला आपल्या ताटाला बसवत जा.

ज्या घरात आईबाप दोघंही आहेत, तिथं पोरांनी स्वतः करून खाणं सुरू व्हायला हवं, पोरगा असला तरी. सहा फुटी पोराला पोहे, उसळ, खिचडी, अंड्याची भुर्जी यायला एक उन्हाळ्याची सुट्टी पुरते. भाकरीला वेळ लागेल, लागू द्या. परातीत पीठ मळायला तरी आजपासूनच बसवा. दंड काढणाऱ्या हातांना तेवढं जड नाही. आजोबा नाक मुरडतील, त्यांनाही पहिली भाकरी वाढा.

बीडला, अंबाजोगाईला किंवा लातूरला खोली करून शिकणाऱ्या पोरांचा डबा एसटीनं जातो, त्याबद्दल एक सांगून थांबते. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड होते आणि पोरं ती खोलीवर तशीच टाकून वडापाव खातात. त्यापेक्षा धपाटे द्या, मेथीचे किंवा दुधीचे, पीठ मळताना तेलाचं मोहन घालून. दोन दिवस मऊ राहतात. सोबत घट्ट पिठलं, ठेचा, आणि एक बरणी दाण्याच्या लाडवांची. सीताफळाच्या दिवसांत डोंगराकडची चार फळं वर ठेवा, पण कच्ची, पिकलेली बसमध्ये फुटतात. आणि डबा दोघांचा भरा. खोलीत दुसरं एक पोर असतंच, ज्याच्या गावाची गाडी त्या दिवशी आलेली नसते.