‘येतो’ म्हणजे जातो

परभाषा शिकणाऱ्या माणसाला अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्दच अधिक चकवतात. अवघड शब्द भेटला की तो कोश उघडतो. सोपा शब्द मात्र आपणांस ठाऊकच आहे, अशा समजुतीने तो पुढे जातो आणि तेथेच फसतो. मराठीतील ‘येतो’ हा असाच एक शब्द आहे.

समजा, दूरच्या प्रांतातील एक अधिकारी सेनगावच्या एखाद्या बँकेत नुकताच बदलून आला आहे. मराठी शिकण्याची त्याला हौस आहे. ‘येणे’ आणि ‘जाणे’ ही क्रियापदे तर त्याने पहिल्याच दिवशी पाठ केली आहेत. एके सायंकाळी एक शेतकरी त्याच्या घरी येतो, कर्जाच्या कागदांविषयी चार गोष्टी विचारतो, चहा घेतो आणि उठून हात जोडत म्हणतो, “बरं साहेब, येतो.” अधिकारी वाट पाहत बसतो. रात्र होते, पण शेतकरी परतत नाही. दुसरा दिवसही तसाच जातो. ‘हा मनुष्य शब्दाचा पक्का दिसत नाही,’ अशी शंका अधिकाऱ्याच्या मनात डोकावते. कर्जाचा निर्णय ज्याच्या हाती, त्याच्या मनात अशी शंका येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. वास्तविक शेतकऱ्याने कसलेच वचन दिले नव्हते. त्याने केवळ निरोप घेतला होता.

मग निघताना तो सरळ ‘जातो’ असे का म्हणाला नाही? आपल्या भाषेत ‘जाणे’ या क्रियापदाला मृत्यूची छाया आहे. ‘आजोबा गेले’ एवढेच म्हटले तरी ऐकणारा चपापतो. म्हणून निरोपाच्या वेळी तो शब्द टाळण्याची रीत पडली. नारळ फोडताना आपण ‘नारळ वाढवला’ म्हणतो. बांगडी फुटली तर ‘बांगडी वाढवली’ म्हणतो. त्यामागेही अशुभाचा उच्चार टाळण्याची हीच भावना आहे. शिवाय ‘येतो’ या शब्दात स्नेह आहे. आपला संबंध येथे संपत नाही, असे जाणारा सुचवतो. घरचा माणूसही त्याला “बरं, या” असेच उत्तर देतो.

ही रीत केवळ मराठीची नव्हे. कन्नड भाषक निघताना ‘होगि बरुत्तेने’ म्हणतो, तेलुगू भाषक ‘वेळ्ळि वस्तानु’ म्हणतो. दोहोंचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. बंगाली मनुष्य ‘आशि’, म्हणजे ‘येतो’, असे म्हणून उठतो. गुजराती यजमान जाणाऱ्या पाहुण्याला ‘आवजो’, म्हणजे ‘या’, असे सांगतो. स्पॅनिश लोक एकमेकांना ‘आस्ता लुएगो’ म्हणतात. ‘नंतर भेटेपर्यंत’ असा त्याचा शब्दार्थ. पण भेटीची वेळ ठरलेली असतेच असे नाही. इंग्रजीतील ‘हाऊ डू यू डू’ हा दिसण्यात प्रश्न आहे. परंतु त्यावर कोणी आपल्या प्रकृतीचे वर्णन करीत नाही, तेच शब्द परत उच्चारतो.

तर मग नवख्याने ‘येतो’चा अर्थ ओळखावा कसा? बोलणारा कोठे आहे व काय करीत आहे, हे पाहावे. दुरून हाक मारल्यावर कोणी ‘येतो’ म्हणाला, तर तो खरोखरच आपल्याकडे येत आहे. ‘उद्या सकाळी येतो’ असे वेळ सांगून म्हणाला, तर ते आश्वासन आहे. बोलणे आटोपून, उठून उभा राहून नुसतेच ‘येतो’ म्हणाला, तर तो निरोप आहे. आणखी एक चमत्कार पाहा. ‘आलोच’ हे रूप भूतकाळाचे; पण तसे म्हणणारा मनुष्य अजून आलेला नसतो! तो लवकरच येईल, एवढाच त्याचा अर्थ.

या शब्दाला प्रसंगाची मर्यादाही आहे. दुःखाच्या घरी सांत्वनासाठी गेलेला मनुष्य निघताना ‘येतो’ म्हणत नाही. तो मुकाट्याने उठतो. अशा घरी पुन्हा अशाच कारणाने येणे न घडो, ही त्यामागची इच्छा. शब्दाचा अर्थ कळला, पण तो कोठे वापरू नये हे कळले नाही, तर ते ज्ञान अपुरेच होय.

इंग्रज कोशकार जेम्स मोल्सवर्थ यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी नुसत्या शब्दार्थांवर भागवले नाही. लोकांच्या तोंडचे अनेक वाक्प्रचारही त्यात नोंदवले. भाषेचे मर्म सुट्या शब्दांत नसून लोकव्यवहारात असते, हे त्यांनी जाणले होते.

सेनगावच्या परिसरात घरी बंजारा बोली, उर्दू किंवा हिंदी बोलणारी मुलेही मराठीतून शिकतात. त्यांच्यापैकी कोणी ‘येतो’ ऐकून थांबून राहिला, किंवा निघताना ‘जातो’ म्हणाला, तर त्याला हसू नये. हसल्याने तो गप्प होईल, आणि गप्प बसणाऱ्याला भाषा येत नाही. त्याला प्रसंग समजावून सांगावा. मग त्याच्या घरी निघताना काय म्हणतात, तेही आवर्जून विचारावे. एक शब्द देऊन एक शब्द घ्यावा. या व्यवहारात दोघांचाही लाभच होतो.

स्वाध्याय
१. अधिकाऱ्याच्या मनात शेतकऱ्याविषयी शंका का आली? ती अनाठायी कशी होती?
२. ‘येतो’ हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरून वाक्ये लिहा.
३. अशुभ उच्चार टाळण्यासाठी तुमच्या घरी कोणते शब्द वापरतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.