सोन्याचा सांधा

घरात चिनी मातीचा कप फुटला की आपण काय करतो? तुकडे गोळा करतो, कुणाच्या पायात रुतू नयेत म्हणून कागदात गुंडाळतो आणि कचऱ्यात टाकतो. कप आवडता असेल तर थोडी हळहळ वाटते, एवढेच. जपानमध्ये मात्र अशा तुकड्यांतून तेच भांडे पुन्हा उभे करण्याची एक जुनी कला आहे. तिचे नाव किंत्सुगी. जपानी भाषेत ‘किन’ म्हणजे सोने आणि ‘त्सुगी’ म्हणजे जोड. उर्दूत आपण जिला ‘मरम्मत’ म्हणतो, तिला मराठीत ‘दुरुस्ती’ म्हणतात. किंत्सुगी ही दुरुस्तीच आहे. पण ती लपवलेली नसते, उलट सोन्याने उठून दिसते.

या कलेची एक गोष्ट सांगतात. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा हा जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक होता. त्याच्याकडे चहा पिण्याचा फिकट हिरव्या रंगाचा एक सुंदर चिनी वाडगा होता. वाडग्याला तडा गेला, तेव्हा त्याने तो चीनला पाठवला आणि तसाच दुसरा मागितला. तसा वाडगा आता मिळत नाही, असे उत्तर आले. तड्यावर धातूचे टाके मारून तोच वाडगा परत आला. टाके टोळासारखे दिसत होते. तो वाडगा आजही टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. असे टाके पाहूनच जपानी कारागिरांनी अधिक सुंदर जोड शोधला, असे म्हणतात.

हा जोड सोन्याने होतो, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. सोने फक्त वर दिसते. तुकडे धरून ठेवतो तो उरुशी नावाचा झाडाचा चीक. आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते; उरुशी मात्र झाडाच्या सालीतून पाझरते. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले आहे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर त्वचेवर फोड येतात, हे तुम्ही ऐकले असेल. ओली उरुशी लागली तरी तसाच त्रास होतो. म्हणून शिकणारा हातमोजे घालतो. उरुशी पूर्ण वाळली की हा धोका राहत नाही.

उरुशीचे झाड चीक देण्याजोगे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. उन्हाळ्यापासून कारागीर दर काही दिवसांनी त्याच्या सालीवर आडव्या चिरा पाडतो आणि थेंब थेंब चीक खरवडून घेतो. सगळा हंगाम राबून एका झाडापासून साधारण २०० ग्रॅम उरुशी मिळते. चहाच्या दोन लहान पेल्यांइतकी! मग ते झाड तोडतात. पुढे बुंध्याला नवे कोंब फुटतात आणि पुन्हा तितकीच वर्षे वाट पाहावी लागते. जपानच्या इवाते प्रांतात जोबोजी येथे हे काम आजही चालते. तरी जपानला लागणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते, कारण हे कष्टाचे काम करणारे हात तिथे कमी झाले आहेत.

आता कृती पाहू. प्रथम तुकडे धुऊन वाळवतात. गव्हाचे पीठ पाण्यात मळून त्यात उरुशी घालतात. हा चिकट गोळा तुटलेल्या कडांना पातळ लावून तुकडे जोडतात आणि पट्टीने बांधतात. भांडे मग एका बंद पेटीत ठेवतात. पेटीत ओले फडके ठेवलेले असते. पावसाळ्यात आपले कपडे लवकर वाळत नाहीत. उरुशी मात्र दमट हवेतच वाळते! तिच्यातील एक द्रव्य हवेतील प्राणवायू घेऊन तिला कठीण बनवते आणि या क्रियेला ओलावा लागतो. जोड पक्का व्हायला एक-दोन आठवडे किंवा अधिकही लागतात.

नंतर बारीक मातीची भुकटी उरुशीत कालवून खाचा बुजवतात. त्या वाळल्या की पाणी लावून घासतात. त्यावर काळ्या उरुशीची रेघ ओढतात, वाळवतात, पुन्हा घासतात. शेवटची रेघ तांबड्या उरुशीची. या तांबड्या रंगाला जपानी लोक ‘बेंगारा’ म्हणतात. हे नाव आपल्या बंगालवरून पडले आहे! ही रेघ अर्धवट ओली असतानाच तिच्यावर सोन्याची पूड टाकतात. घाई केली तर सोने उरुशीत बुडते. उशीर केला तर चिकटत नाही. ती नेमकी वेळ पुस्तकात वाचून कळत नाही, हाताला कळावी लागते.

अशा रीतीने एका कपाला दोन-तीन महिने लागू शकतात. आजकाल झटपट चिकटणारा कृत्रिम गोंद आणि सोनेरी पूड असलेले संचही मिळतात. त्यांनी काम एका दिवसात होते, पण असे भांडे शोभेसाठीच ठेवलेले बरे. सगळेच गोंद खाण्यापिण्याच्या भांड्याला चालत नाहीत.

मग नवा कप विकत घेणे सोपे नाही का? सोपे आहेच. पण आजीच्या हातचा कप बाजारात मिळत नाही. शिकणारा माणूस आठवड्यामागून आठवडे एकाच भेगेकडे पाहतो. भांडे कुठे फुटले हे तो विसरत नाही आणि पाहणाऱ्यालाही विसरू देत नाही. पुढच्या वेळी घरात काही फुटले, तर तुकडे टाकण्यापूर्वी क्षणभर ते जुळवून पाहा. सगळे तुकडे आहेत का, एवढे तरी मोजा. कारागीरही आधी तेच करतो.

स्वाध्याय
१. उरुशी आणि लाख यांत कोणता फरक आहे?
२. जोडलेले भांडे दमट पेटीत का ठेवतात?
३. ‘सोने फक्त वर दिसते’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या घरात दुरुस्त करून वापरलेल्या एका वस्तूविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.