मीटिंग पुढे आली की पुढे गेली?

लंडनच्या ग्राहकाची मेल होती: बुधवारची मीटिंग दोन दिवस 'ब्रिंग फॉरवर्ड' करायची का? फॉरवर्ड म्हणजे पुढे, म्हणजे शुक्रवार. 'शुअर' लिहून मी मोकळी झाले. सोमवारी भरदुपारी तिकडची माणसं स्क्रीनपुढे ताटकळत होती आणि मी कॅन्टीनमध्ये मिसळ खात होते.

आपल्याकडे कार्यक्रम पुढे ढकलला म्हणजे लांबला. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणं, आणि लांबवायचं असेल तर 'पुश बॅक'. चक्क मागे ढकलायचं! 'मूव्ह फॉरवर्ड' म्हटलं तर खुद्द इंग्रजी भाषकांचेही दोन तट पडतात. ज्याला आपण हसतो तो आपला देशी 'प्रीपोन' त्यापेक्षा कितीतरी सरळ.

अवघड शब्द आपण शब्दकोशात शोधतो तरी. ब्रिंग, पुश, बॅक हे पहिलीपासूनचे सोबती, त्यांच्यावर कोण संशय घेणार? पण अर्थ फिरवतं ते मागचं शेपूट. त्याच्या जागेलाही नियम आहे. 'पुश बॅक द मीटिंग' चालतं, 'पुश द मीटिंग बॅक'ही चालतं. मीटिंगऐवजी 'इट' आलं की मात्र ते मधेच बसतं: 'पुश इट बॅक'.

सोप्या शब्दांनी आणखी एकदा फसवलं: 'डू यू माइंड?'ला मी कित्येक वर्षं हसून 'यस, यस' म्हणत आले. म्हणजे हो, माझी हरकत आहे! मराठीत 'हरकत नाही ना?' विचारलं तर आपण बरोबर 'छे छे' म्हणतो. इंग्रजीतही तेच, 'नॉट ॲट ऑल'. फोनवर सूर सांभाळून घेतो. मेलमध्ये नुसतं 'यस' उरतं.

असंच साधं दिसणारं 'गॉना' हे 'गोइंग टू'चं झिजलेलं रूप, 'जायचं आहे'चं 'जायचंय' व्हावं तसं. पण त्याच्यापुढे क्रियापदच हवं. 'आय ॲम गॉना कॉल' ठीक; 'आय ॲम गॉना पुणे' नाही, कारण तिथलं गोइंग खरोखरच जाण्याचं आहे.

मीटिंगच्या मेलला मात्र आता मी उत्तरात वार आणि तारीख दोन्ही लिहिते: 'म्हणजे सोमवार, 12 तारीख ना?' तुम्हीही लिहा; बावळट दिसायला होत नाही.

लंडनच्या त्याच ग्राहकाच्या टीममधला एक जण पुढे पुण्याला आला, मराठी शिकायच्या उत्साहात. संध्याकाळी मी 'येते हं' म्हणून घरी गेले. बिचारा अर्धा तास वाट पाहत बसला होता.