प्रवासाच्या पॉइंटांचा खरा भाव किती?

कापडाचा भाव मीटरवर ठरतो, सुताचा किलोवर. विमान कंपन्या आणि क्रेडिट कार्डे जे पॉइंट देतात, त्यांचा भाव मात्र कोणी उघड सांगत नाही. पडघा-भिवंडीचा व्यापारी वसुलीसाठी दिल्ली-कोलकात्याला जातो, घरातले कोणी आखातात नोकरीला असते, कोणी उमराहला जाते. खात्यावर वीस हजार पॉइंट जमले की वीस हजार रुपये गाठीला असल्याचा भास होतो आणि त्या भरवशावर खर्च वाढतो. म्हणून या पॉइंटांचा हिशेब आज व्यापाऱ्याच्या रीतीने मांडून पाहू.

काही ठिकाणी भाव ठरलेला असतो. जुलै २०२० मध्ये आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांनी रुपे कार्ड आणले, तेव्हा एक पॉइंट म्हणजे रेल्वे तिकिटातला एक रुपया असा सरळ दर ठेवला होता. विमानाच्या पॉइंटांना असा दर सहसा नसतो. तो आपणच काढावा लागतो.

रीत सोपी आहे. त्याच दिवशीचे, त्याच प्रवासाचे जे स्वस्तातले तिकीट आपण रोखीने घेतले असते, त्याची किंमत लिहा. पॉइंटांवर तिकीट घेतानाही कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात. ते वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा.

समजा, दिल्लीचे तिकीट रोखीने ६,००० रुपयांना मिळते. पॉइंटांवर घेतल्यास ८,००० पॉइंट आणि वर १,२०० रुपये लागतात. वाचले ४,८०० रुपये. भागिले ८,०००, म्हणजे एका पॉइंटला ६० पैसे. वीस हजार पॉइंट म्हणजे बारा हजार रुपये झाले, वीस हजार नव्हेत.

आता पॉइंटांवर मिळालेली जागा पहाटेच्या विमानाची असेल, तर पडघ्याहून मध्यरात्री खास गाडी करावी लागते. तिचे १,५०० रुपये जादा धरले की बचत ३,३०० वर येते आणि पॉइंट ४१ पैशांवर उतरतो.

सर्वांत मोठी फसगत वरच्या वर्गाच्या तिकिटात होते. समजा, बिझनेस क्लासचे तिकीट ३२,००० रुपयांचे आहे आणि ते ३०,००० पॉइंट अधिक २,००० रुपयांत मिळते. कागदावर पॉइंटला पुरा रुपया मिळाला. पण आपण खिशातून ३२,००० कधी दिले असते का? आपण ६,००० चेच तिकीट घेतले असते. म्हणजे खरी बचत ४,००० रुपये, आणि पॉइंटला जेमतेम १३ पैसे. आरामाची किंमत ज्याने त्याने धरावी, पण वहीत ती नफा म्हणून लिहू नये. पाचशेच्या ताक्यावर हजाराची चिठ्ठी लावून निम्म्या भावात विकला, तर गिऱ्हाइकाचे पाचशे वाचले असे आपण म्हणत नाही.

दुसरी बाजू कमाईची. तीनशे पॉइंट मिळतात म्हणून पाचशे रुपये महाग विमान घेतले, तर ६० पैशांच्या भावाने हाती १८० आले आणि ३२० गेले. कार्डाचेही तसेच. व्याज आपल्याला वर्ज्य आहेच. पण नुसत्या आकड्यांनीही पाहा. ५०,००० रुपयांची खरेदी केली, शंभराला दोन पॉइंट मिळाले, म्हणजे १,००० पॉइंट, किंमत ६०० रुपये. बिल मुदतीत भरले नाही आणि महिना साडेतीन टक्के आकार लागला, तर एकाच महिन्यात १,७५० रुपये गेले. कार्डाची वार्षिक फी निराळीच.

तिसरी गोष्ट म्हणजे हे येणे बिनतारणाचे आहे. भाव बदलण्याचा हक्क देणाऱ्याकडे असतो. काल ८,००० पॉइंटांत मिळणारे तिकीट उद्या १२,००० ला गेले, तर आपण तक्रार कोणाकडे करणार? अनेक योजनांत दोन-तीन वर्षांत पॉइंट रद्द होतात. आखातातून दोन वर्षांनी एकदा घरी येणाऱ्याचे असे पॉइंट सहज बुडतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली. तिच्या पॉइंटांवर बसायला तिचे विमानच उरले नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज थांबली. दर वेळी सारे बुडतेच असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. तरी शहाणा व्यापारी जुनी उधारी पूर्ण रकमेने धरत नाही. लगेच वापरायचे नसतील, तर ६० पैशांचा पॉइंट चाळीसच धरावा, असे आमचे मत आहे.

शेवटची बाब भागीदारीची. तिकिटाचे पैसे पेढीचे, पण पॉइंट मात्र प्रवास करणाऱ्याच्या नावावर. मग ते कोणाचे? सरकारी खर्चाच्या प्रवासाचे पॉइंट सरकारी प्रवासालाच वापरावेत, असे केंद्र सरकारने आपल्या नोकरांना बजावले आहे. जर्मनीत २००२ साली बर्लिनचे अर्थव्यवहार मंत्री ग्रेगोर गीझी यांनी सरकारी प्रवासाचे पॉइंट खासगी प्रवासाला वापरल्याच्या कारणावरून राजीनामा दिला. आपल्याकडे दोन भाऊ किंवा दोन भागीदार यांच्यात एवढ्याशा गोष्टीवरून मन खट्टू होऊ नये. पॉइंट पेढीचे की प्रवाशाचे, हे आधीच बोलून कागदावर लिहून ठेवावे. पेढीचे ठरले, तर ती अमानत आहे.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनी वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत: पॉइंट किती, मुदत कधी संपते, आजचा भाव किती पैसे, आणि मालक कोण. तीन महिन्यांनी एकदा ते पान तपासावे. जायचे ठरलेलेच असेल त्या प्रवासाला, चांगला भाव मिळताच पॉइंट वापरून मोकळे व्हावे. पॉइंट जमवण्यासाठी प्रवास करू नये. ताका विकला जावा म्हणून आपण गिऱ्हाइकाला वटाव देतो. पॉइंट हा दुसऱ्याने आपल्याला दिलेला वटाव आहे, एवढे ध्यानात असले की हिशेब चुकत नाही.