चाकाचा स्पेसर घरच्या लेथवर?

प्रश्न : जुन्या मोटारसायकलच्या मागच्या चाकातला, दोन बेअरिंगमधला स्पेसर घरच्या छोट्या लेथवर अ‍ॅल्युमिनिअमचा करू का? – एक वाचक, उल्हासनगर कॅम्प १

उत्तर : जरूर करा, पण अ‍ॅल्युमिनिअमऐवजी ईएन८ पोलाद घ्या. भंगारातला अनोळखी रॉड टाळा. खरी गोम लांबीत आहे. स्पेसर आखूड पडला, तर अ‍ॅक्सलचा नट आवळताच बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग तापून लवकर जातं. मूळ स्पेसर मायक्रोमीटरने मोजा. तो झिजला असेल, तर हबमधल्या बेअरिंगच्या बैठकींमधलं अंतर धरा. बोअर आणि एक फेस एकाच पकडीत घ्या, दुसरा फेस मँड्रेलवर. दोन्ही समांतर राहतील. अ‍ॅक्सल आणि ब्रेकचे भाग मात्र घरी करू नका, कंपनीचेच बसवा.