कपोतगुरु आणि गच्चीवरील ढाबळी

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास जे चोवीस गुरु सांगितले, त्यांत कपोतही आहे. पारधी पिलांना जाळ्यात धरतो. त्यांच्या मोहाने प्रथम कपोती व मागोमाग कपोत स्वतः जाळ्यात पडतो. एकनाथ महाराजांच्या भागवतामुळे ही कथा मराठी घरांत पोहोचली. अतिस्नेहाने नाश होतो, एवढाच बोध आपण तीतून घेतो. परंतु धार-देवासच्या गच्च्यांवर ज्यांनी ढाबळी बांधल्या आहेत, त्यांनी त्या पारध्याकडेही पाहावे, असे आम्हांस वाटते. येथे पक्षी कोंडणारा हात आपलाच असतो.

मूठभर ज्वारी टाकणे सोपे आहे. माळव्याच्या वैशाखात पत्र्याखालची ढाबळ भट्टीसारखी तापते. तिला सावली, वारा व ताजे पाणी हवे. कबुतरास स्नानही प्रिय, म्हणून पसरट परात ठेवावी. अंडी बहुधा दोन, उबवण सुमारे १८ दिवसांची. नर व मादी दोघेही आपल्या खाद्यपिशवीत स्रवणारा दुधासारखा रस पिलांना भरवितात. त्या दिवसांत जोडी फोडून विकणे हे पाप नव्हे तर काय? संक्रांतीस आकाशात मांजा असताना थवा उडवू नये.

विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसांस विकार जडतो. २०२५ साली मुंबईत महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तो लोकांच्या आरोग्याच्याच कारणास्तव. शेजारचा दमेकरीही भूतदयेत मोजावयास हवा. ढाबळ रोज झाडावी. मात्र आधी पाणी शिंपडून आणि नाकातोंडावर मुखपट्टी बांधून.